आधी केर

जनकोजी आबांच्या दुकानात सोनं वितळवायच्या मुशीपुढे पाणी न्यायचं नाही, पंखा लावायचा नाही आणि भट्टी पेटली की उठसूट उंबरा ओलांडायचा नाही. सोनं वाऱ्याने उडतं, पाण्याने वाहून जातं आणि माणसाच्या अंगाला चिकटून गुपचूप बाहेर पडतं, म्हणून जे काही करायचं ते सोन्याच्या सोयीने करायचं. माणसाची सोय बघायला गावाकडे त्याचे आईबाप होते की.

दुकान चेन्नईत टी. नगरला, उस्मान रोडच्या मागल्या गल्लीत होतं. काम गलाईचं. लोक जुने दागिने आणून द्यायचे, मागच्या खोलीत ते वितळायचे, तेजाबात पडायचे, आणि त्यांची अस्सल सोन्याची लगड होऊन पुढे यायची. खानापूर तालुक्याची माणसं या धंद्यात देशभर पांगलेली. एखाद्या गावात आठ घरांमागे एक माणूस कुठल्या ना कुठल्या शहरात मुशीपुढे बसलेला असतो, आणि गावाकडे म्हणतात, "पोरगं सोन्यात हाय." सोन्यात म्हणजे कशात, ते तुळजाला लग्नानंतर कळलं.

तिचा नवरा बाळकृष्ण अकरा वर्षं त्या मुशीपुढे बसत होता. जनकोजी आबा त्याच्या आईचे चुलतभाऊ. त्यांनीच त्याला मिसरूड फुटायच्या आत इथे आणलं होतं. मागची खोली आठ बाय दहाची. एका कोपऱ्यात जमिनीत बसवलेली भट्टी, दुसऱ्या कोपऱ्यात तेजाबाच्या बरण्या आणि त्यांच्यापाशी महेश, गावातलाच, तीन वर्षांपूर्वी आलेला. दोघांनी दुकानाचीच चड्डी आणि बनियन घालायचं, ते तिथेच उतरवून ठेवायचं. वर्षातून एकदा ती कापडं जाळून राखेतून सोनं काढायचे. अंघोळ तिथल्याच टपात, आणि ते पाणीसुद्धा पिंपात साठवायचं. केस कापायला न्हावी दुकानातच यायचा, कापलेले केस डब्यात जायचे. अंगावरचा मळही दुकानाच्या मालकीचा, असा तो कारभार.

तुळजा वर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायची. चौघांचा स्वयंपाक तिच्याकडे होता, टँकरची लॉरी आली की खाली जाऊन पाणी भरायचं तिच्याकडे, आणि दर शनिवारी मागच्या खोलीचा केर काढायचाही तिच्याकडे. हे शेवटचं काम आबा दुसऱ्या कोणाला देत नसत. कोळशाची राख, टाकणखाराचे खडे, मुशीचे कपचे, यांत डोळ्याला न दिसणारं सोनं असायचं. ते मऊ कुंच्याने फरशीच्या भेगाभेगांतून गोळा करून पत्र्याच्या डब्यात भरायचं, आणि वर्षाकाठी दोनदा झारेकरी येऊन ते धुऊन द्यायचा. आबा चारचौघांत म्हणायचे, "आमच्या सूनबाईच्या केरात सोनं निघतं." तुळजाला ते ऐकून बरं वाटायचं. कशाला खोटं बोला, तिला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, अक्षय्य तृतीया आणि कत्तिरी एकाच दिवशी लागली. कत्तिरी म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचे सगळ्यांत वाईट पंचवीस दिवस. त्या दिवसांत तमिळ माणूसही दुपारी रस्त्यावर दिसत नाही. पण अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यायला मात्र अख्खं शहर टी. नगरात उतरलं, पेढ्यांपुढे रांगा लागल्या, आणि जुनं मोडून नवं घेणाऱ्यांचे दागिने पोत्यांनी गलाईला यायला लागले. भट्टी सकाळी सातला पेटायची ती संध्याकाळी सातला विझायची.

गिऱ्हाईक पुढच्या खोलीत तासतास बसायला लागलं, तेव्हा आबांनी तिथे थंड हवेचं यंत्र बसवलं. बसवणारा म्हणाला, बाहेरचा डबा रस्त्याच्या बाजूला लावतो. पण तिकडे दुकानाची पाटी होती आणि ती झाकली जाणार होती. मग डबा मागच्या बोळकंडीत लावला. दोन इमारतींच्या मधली ती हातभर जागा, आणि मागच्या खोलीची एकुलती एक खिडकी तिच्यातच उघडायची. पहिल्याच दिवशी डब्यातली गरम हवा खिडकीतून आत घुसली आणि भट्टीपुढची राख उधळली. राख उधळली म्हटल्यावर आबा तातडीने उठले, सुतार बोलावला आणि खिडकीवर फळी ठोकून घेतली. राखेची व्यवस्था झाली.

पुढे बसणाऱ्यांना शहारे येत होते आणि मधल्या भिंतीपलीकडे दोन माणसं भाजत होती. आबा मधल्या काचेच्या दारामागे बसून उंटावरून शेळ्या हाकत होते.

आठव्या-नवव्या दिवशी तुळजाच्या लक्षात आलं की नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय. संध्याकाळी वर आला की तो भिंतीला टेकून बसायचा आणि बसायचाच. ओठांच्या कडेला मीठ वाळलेलं असायचं. भाकरी चतकोर खाऊन ताट सरकवायचा. रात्री पाय ताणले की पोटरीत गोळा यायचा, दगडासारखा घट्ट. ती दोन्ही अंगठ्यांनी तो दाबायची आणि तो दात आवळून वर पत्र्याकडे बघत राहायचा. पत्राही दिवसभर तापलेला असायचा, तो अजून ऊब सोडत असायचा.

एकदा तिने सरळ विचारलं, दिवसातनं लघवीला किती येळा जाता. तो आधी हसला, मग म्हणाला, एकदा, सांजचं, आणि तीही हळदीसारखी.

"पानी पीत न्हाई व्हय?"

"पानी उंबऱ्याभाईर हाय," तो म्हणाला. "उठायचं, हात धुवायचं, आंग झाडून घ्यायचं, चड्डी बदलायची, मग दोन घोट पानी. तवर हिकडं मूस निवती. आन आबा काचंतनं बगून म्हंत्यात, निघालं सरदार फिरायला."

मुशीपाशी पाणी न नेण्याला पूर्वी कारण होतं, ते तुळजालाही ठाऊक होतं. वितळलेल्या सोन्यात थेंब पडला तर ते फुटून तोंडावर उडतं. महेशच्या चुलत्याचा डोळा असाच गेला होता. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराआड, एक मडकं ठेवायला काय हरकत होती? पण दाराआडचं मडकं कधीतरी सांडलं असतं, फरशी ओली झाली असती, केर वाहून गेला असता. कारण बदललं होतं, नियम तोच राहिला होता.

तुळजाने तिला सुचेल ते केलं. मीठ घातलेलं पातळ ताक, ज्याला तिथे नीरमोर म्हणतात, ते दुपारच्या डब्याबरोबर द्यायला लागली. कांदा दिला. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडून शहाळं आणलं. पण डबा खायला दीड वाजता दहा मिनिटं मिळायची, त्यात माणूस किती ताक पिणार? आडातलं पाणी रोज उपसायचं आणि दिवसाला एक वाटी परत ओतायची, तशातला प्रकार होता.

बाराव्या दिवशी ती आबांकडे गेली. गच्चीवरून उतरून पुढच्या बाजूने, काचेचं दार ढकलून आत पाय टाकला, तोच अंगावरचा घाम गार पडला आणि तिला सलग तीन शिंका आल्या. आत दोन पेढ्यांचे कारकून बसले होते, एक बाई मुलीच्या बांगड्या मोडायला घेऊन आली होती. बाईने पदर खांद्यावरून ओढून घेतला होता, तिला थंडी वाजत होती.

आबा म्हणाले, "दार लाव आधी. गारवा जातुया."

तिने दार लावलं आणि दारापाशीच उभी राहिली. तिने सांगितलं, यांना सोसेना झालंय, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी होत नाही. बारा ते तीन भट्टी बंद ठेवा, त्याबदली पहाटे पाचला पेटवू, मी उठून कोळसे भरते. नाहीतर तेवढा वेळ हे यंत्र बंद ठेवा आणि खिडकीची फळी काढा. पंचवीस दिवसांचा प्रश्न आहे, त्यातले बारा गेलेच.

आबांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. ते काही राक्षस नव्हते. त्यांनी सदऱ्याची बाही वर करून हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, कुठे गुळगुळीत, कुठे सुरकुतलेले.

"सोळा वर्सं बसलोय म्या त्या मुशीपुढं. मला काय वातानुकूल हुतं?"

"तवा खिडकी हुती, आबा."

कारकुनांना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्यांनी मान वर केली. आबांनी बाही खाली घेतली. म्हणाले, शहराची हवा लागली की बायकांना बोलायला येतं. मग कारकुनांकडे वळून तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि ते दोघे हसले. काय सांगितलं ते तिला कळलं नाही. तिचं तमिळ भाजीपुरतं आणि पाण्याच्या रांगेपुरतं होतं. ती बाहेर आली तेव्हा बाहेरची हवा तोंडावर उघड्या चुलीसारखी आली, आणि रागाने तिचे कान तापले होते ते वेगळेच.

आबांनी ती गोष्ट तिथेच सोडली असती तर एक वेळ चाललं असतं. दुपारी डबा खाताना त्यांनी महेशदेखत, मोड घेऊन आलेल्या कारकुनांदेखत बाळकृष्णाला विचारलं, काय रे, आता बायकोला पुढं घालतोस? पोटरीत गोळा आला तर तिला बसव मुशीपुढं, तू भाकऱ्या बडव.

बाळकृष्ण संध्याकाळी वर आला तो तोंड फिरवून झोपला. कधी नव्हे ते तिला टाकून बोलला. तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला, माझी काय इज्जत ठेवलीस. तिने म्हटलं, इज्जत जिवाला धरून असते. नाकापेक्षा मोती जड करून काय करायचं? दुसऱ्या दिवसापासून त्याने आपली मर्दुमकी दाखवायला घेतली. सकाळी सातला खोलीत शिरायचा तो थेट संध्याकाळी उठायचा. दीडच्या डब्यालाही बाहेर येईना. म्हणायचा, भूक नाही. पाण्यासाठी एकदाही उंबरा ओलांडत नव्हता. आबा काचेआडून बघून मान डोलवायचे. असा गडी पाहिजे, म्हणायचे.

माणसाला बैलासारखं राबवणं सोपं नसतं, असं आपण उगाच समजतो. त्याला चारचौघांत एकदा बायकोचा बैल म्हणायचं, की पुढचं तो आपणहून करतो.

महेशने एकदा तुळजाला जिन्यात गाठून सांगितलं, वहिनी, दादा कालपासून घामच सोडत नाहीत. आधी नुसती धार लागायची, आता कोरडे आहेत. मी आबांना बोललो, तर ते म्हणाले, बघ, सवय झाली की शरीर धरतं. तापलेल्या तव्यावर पाणी उडायचं थांबलं म्हणजे तवा निवला असं नसतं, पाणी संपलेलं असतं. तिने ठरवलं, उद्याचा शनिवार जाऊ द्यायचा, केर काढून द्यायचा, आणि रविवारी नवऱ्याला गाडीत घालून गावाला न्यायचं. आबा काय म्हणतील ते म्हणोत.

तो शनिवार कत्तिरीचा एकविसावा दिवस होता. दोन दिवस गल्लीत पाण्याची लॉरी आली नव्हती. त्या दिवशी ती साडेअकराला आली आणि बायका रंगीत प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावल्या. तुळजाला तीन घागरी मिळाल्या. दोन तिने वर चढवल्या. तिसरी घेऊन ती सरळ दुकानाच्या मागच्या दाराकडे वळली. तिच्या मनात होतं की आज उंबऱ्याशी घागर ठेवायची, वाटी भरून आत द्यायची आणि तो पिईपर्यंत तिथून हलायचं नाही.

दाराशी पोहोचली तेव्हा आतून महेशचा आवाज येत होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते. मूस किती वेळ ठेवायची ते बघायला ते घड्याळ होतं, आत शिरणाऱ्याची नजर आधी त्यावरच जायची.

बाळकृष्ण भट्टीपुढे कुशीवर पडला होता. सांडशी हातातून सुटून बाजूला पडली होती. नशीब एवढंच की मूस अजून भट्टीतच होती. महेश त्याचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होता. तुळजाने त्याच्या कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. कातडी कोरडी ठणठणीत, लालबुंद, तव्यासारखी. डोळे अर्धे उघडे होते पण तो तिला बघत नव्हता. तो बैलांशी बोलत होता. "वळ, सर्जा, वळ. बांध आला," असं काहीतरी, जीभ जड झालेली. सर्जा नावाचा बैल त्यांच्या घरी होता तेव्हा बाळकृष्ण आठ वर्षांचा असेल.

तिने बाहेर येऊन घागर उचलली. दोन्ही हातांनी धरून आत आणली आणि त्याच्या छातीवर ओतायला वाकली.

"पानी वतू नगंस!"

आबा मधल्या दारात उभे होते. ओरडले नाहीत, पण आवाज असा होता की महेशही गप्प झाला.

"आठवड्याचा केर हाय भुईला. सगळी भेग भरलीया. पानी वतलंस की गेलं सगळं मोरीत. आधी केर काढा, मग वता."

महेश म्हणाला, मग पुढं न्या त्यांना, गारव्यात. दहा पावलं होती. आबा म्हणाले, पुढे गिऱ्हाईक आहे, लग्नाघरची माणसं आहेत, आणि ह्याच्या अंगाला सोनं आहे ते पायापायाने रस्त्यावर जाईल.

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढे जन्मभर तुळजाने ते स्वतःला सांगितलं. तिने घागर तशीच त्याच्यावर उपडी करायला हवी होती. ती भरलेली घागर तिच्या हातात होती. आबा पाच हातांवर होते, म्हातारे होते, त्यांनी तिला धरलं नव्हतं. पण लग्नानंतरच्या सहा वर्षांत त्या फरशीवर पाण्याचा एक थेंब तिने सांडू दिला नव्हता. तिचे हात थांबले. तिने घागर उंबऱ्याबाहेर ठेवली, खिळ्याला अडकवलेला कुंचा काढला, पदर खोचला आणि ती केर काढायला बसली.

तिने भराभरा काढला, आणि चांगला काढला. भट्टीच्या कडेने, बरण्यांच्या मधून, भिंतीच्या कडेच्या भेगेतून. नवऱ्याचा हात उचलून त्याच्या खालचा काढला. महेशने त्याला कुशीवर वळवलं तेव्हा पाठीखालचा काढला. आबांनी डबा पुढे धरला होता. मग आबा म्हणाले, आंगावरचा झाड, तर तिने त्याच्या पाठीवरून, मानेवरून, केसांतून कुंचा फिरवला, आणि जे पडलं ते पुन्हा गोळा केलं. तो आता बैलांशीही बोलत नव्हता. घशातून नुसती घरघर येत होती. कुंचा फिरत असताना भिंतीपलीकडे यंत्राची गुरगुर चालू होती आणि लग्नाघरच्या बायका कशाला तरी हसत होत्या.

मग दोघांनी त्याला मागच्या मोरीतल्या टपापर्यंत ओढत नेलं आणि तिने घागर त्याच्यावर रिकामी केली. पाणी अंगावर पडलं तरी तो हलला नाही. महेशने रिक्षा आणायला धाव घेतली. तुळजा जाता जाता खोलीत डोकावली, भट्टी विझवायची राहिली का ते बघायला. सवयच तशी. घड्याळात एकला दहा कमी होते.

रिक्षा मागच्या गल्लीतून निघाली. आबाही पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ओल्या पदराने त्याचं तोंड पुसत होती. पुसताना तिचं लक्ष आपल्या बोटांकडे गेलं. नखांत राख होती. तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. ती रडली नाही. तिला ओकारी आली, ती रिक्षाबाहेर वाकून ओकली आणि पुन्हा तोंड पुसायला लागली.

सरकारी दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. एक तरुण डॉक्टरीणबाई होती, तिने काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायला लावला, ओली चादर टाकली, दोन पंखे ओढून आणवले. भर वारा त्याच्या अंगावर सोडला. अकरा वर्षांत इतका वारा त्याला पहिल्यांदाच लागला असेल. डॉक्टरीणबाई भरभर विचारत होती आणि आबा तमिळमध्ये उत्तरं देत होते. तुळजाला त्यातल्या तीनच गोष्टी कळल्या: वेयिल, म्हणजे ऊन, तण्णी लॉरी, म्हणजे पाण्याची लॉरी, आणि तिसरा शब्द नव्हता, आबांनी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला. तिने जोडून घेतलं. हा माणूस पाण्याच्या लॉरीपुढे उन्हात उभा होता आणि दारू प्यालेला होता.

बाळकृष्णाने आयुष्यात ऊस सोडून कशाचा रस घेतला नव्हता. आणि ऊन? पोटासाठी चेन्नईला येऊन त्याने ऊन बघितलं होतं ते रविवारी, गच्चीवर कपडे वाळत घालताना. तुळजा "न्हाई, न्हाई" म्हणत पुढे झाली, पण तिचं कोणाला कळलं नाही आणि आयाने तिला बाजूच्या बाकावर बसवलं.

साडेचारला तो गेला.

आबा तिच्याशेजारी येऊन बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते, ते नाटक नव्हतं, त्यांनी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. ते हळू आवाजात बोलायला लागले. आता कागद होणार, म्हणाले. उन्हाने गेला म्हणून लिहू दे, म्हणजे सरकारकडून काही मिळतं, शहरभर माणसं उन्हाने जात आहेत. भट्टीचं नाव निघालं की पोलीस येतील, दुकानाला टाळं लागेल, मग महेशने कुठे जायचं, गावाकडच्या आणखी चार पोरांना कोण आणणार. तुझं मी जन्मभर बघीन.

"मानूस गेला त्यो गेला," ते म्हणाले. "आता दुकान घालवू नगंस, पोरी."

तुळजाला वाटलं होतं की या माणसाचा राग येईल, आणि तो आलाच. पण त्या रागाला वाट फुटेना, कारण वाटेत तिचे स्वतःचे हात आडवे होते.

तेवढ्यात कागद भरणारा कारकून टेबलाशी आला. साठीला टेकलेला, कपाळावर गंध, नाव राममूर्ती. त्याने आबांचं बोलणं मागून ऐकलं असावं. तो टेबलाच्या या बाजूला आला आणि तिच्यापुढे वाकून उभा राहिला.

"अम्मा, मी पण मराठीच. तंजावूरचा," तो म्हणाला. त्याचं मराठी कुठल्यातरी जुन्या पोथीतून आल्यासारखं होतं आणि सूर सगळा तमिळ. "यांनी सांगितलं ते राहो. काय घडलं ते तुमी सांगा. मी डॉक्टरांस सांगतो."

आबा उठून उभे राहिले आणि तमिळमध्ये त्याच्याशी बोलायला लागले. राममूर्तींनी नुसता पेनाचा हात वर केला. आबा थांबले. चाळीस वर्षं त्या शहरात इतरांना थांबवून बोलणारे आबा थांबले.

डॉक्टरीणबाई टेबलाशी आली होती. तुळजाने सांगितलं: खोली, भट्टी, खिडकीवरची फळी, पुढच्या यंत्राचा डबा, उंबऱ्याबाहेरचं पाणी. सकाळी सात ते संध्याकाळी सात. दारूचा थेंब नाही. राममूर्ती एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत होते. डॉक्टरीणबाईने लिहिता लिहिता एक प्रश्न विचारला.

"विचारतात," राममूर्ती म्हणाले, "पडल्यावर अंगावर पाणी केव्हा ओतलं?"

"लगीच वतलं," आबा मराठीत म्हणाले, तिच्याकडे बघून. "सांग, सूनबाई. लगीच वतलं."

तो रस्ता मोकळा होता. लगेच म्हटलं असतं तर तिच्यावरही काही आलं नसतं. ती, आबा आणि महेश, एवढ्यांनाच ठाऊक होतं, आणि महेश कधी बोलला नसता. तुळजाने नखांकडे बघितलं नाही. ती राममूर्तींकडे बघत म्हणाली,

"केर काढल्यावर."

"काय काढल्यावर?"

"केर. सोन्याचा केर हुता भुईला. पान्यानं वाहून जाईल म्हून त्यो आधी काढला, मग पानी वतलं. साडेबाराला पडलेलं बगितलं, एकला धा कमी असताना वतलं. आबांनी सांगितलं आन म्या काढला. ह्यांच्या पाठीखालचाबी काढला."

राममूर्तींना ते तमिळमध्ये सांगायला जरा वेळ लागला. डॉक्टरीणबाईने लेखणी थांबवली आणि त्यांना काहीतरी विचारलं. तिला वाटलं होतं की हे भाषांतर चुकलंय, हा म्हातारा कारकून काहीतरी भलतंच बोलतोय. राममूर्तींनी मान हलवली, पुन्हा तेच सांगितलं. मग तिने तुळजाकडे बघितलं. तुळजा बाकावरून उठली, खाली दवाखान्याच्या फरशीवर बसली, आणि रिकाम्या हाताने कुंचा कसा फिरवला ते दाखवलं, इथे डोकं होतं, इथे हात, हा असा उचलला. आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

ती उठली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"हे असंच लिवा," ती राममूर्तींना म्हणाली. "आबांचं नाव घाला. आन माझंबी घाला."

राममूर्तींनी कागद पुढे ओढला आणि तिला तिचं पूर्ण नाव विचारलं.